प्लेटमागची रिकामी जागा

वाचकाचं पत्र :

‘मी न्यू जर्सीत एका कंपनीत अकरा वर्षं काम करतोय. शेजारच्याच टेबलावर बसणारा माझा अमेरिकन सहकारी फेब्रुवारीत गेला. झोपेतच, हार्ट अटॅकनं. वय ४७. ऑफिसच्या सॉफ्टबॉल टीममध्ये तो कॅचर (बॅटरच्या मागे राहून चेंडू झेलणारा), मी सेकंड बेस. हा खेळ मला शिकवला तो त्यानंच. दर मंगळवारी आम्ही एकाच गाडीनं मैदानावर जायचो. मागे बायको, १४ वर्षांची मुलगी आणि ११ वर्षांचा मुलगा आहे. एप्रिलच्या शेवटी सीझन सुरू होतोय, म्हणजे हातात पाच आठवडे. पहिल्या मॅचआधी दोन शब्द बोलायला टीमनं मला सांगितलंय. कुणी म्हणतं त्याचा २२ नंबर रिटायर करू, कुणी म्हणतं त्याच्या नावानं दर वर्षी टूर्नामेंट घेऊ, स्कॉलरशिप काढू. त्याच्या टेबलावर पुढच्या महिन्यात नवा माणूस येतोय. अंत्यविधीनंतर त्याच्या बायकोला मी फोनसुद्धा केलेला नाही, काय बोलायचं तेच सुचत नाही. आणि घरचे म्हणतात, “ऑफिसातला मित्र तो, किती मनाला लावून घेशील!” काय करू?’

उत्तर :

सुरुवात फोनपासून करा. नंबर, टूर्नामेंट, भाषण यांतलं काहीही त्याच्या बायकोला विचारल्याशिवाय ठरवता येणार नाही, आणि विचारायचं तर आधी बोलावं लागेल. महिना-दीड महिना फोन झाला नाही याचं ओझं तुम्हाला वाटतंय. तिच्या बाजूनं पाहिलंत तर असे गप्प झालेले वीस-पंचवीस जण असतील, त्यांतले तुम्ही एक. लांबलचक माफी मागू नका, तुमची समजूत घालायचं काम उगाच तिच्यावर पडेल. त्याचा मिट, म्हणजे कॅचरचा जाड ग्लोव्ह, आणि जर्सी टीमकडेच असेल तर दोन ओळींचा मेसेज पुरे : ‘इतके दिवस काय बोलावं ते सुचत नव्हतं. त्याचा मिट आणि जर्सी टीमच्या बॅगेत आहे, रविवारी तीन वाजता आणून देऊ का?’ याला हो किंवा नाही एवढंच उत्तर लागतं, म्हणून ते येतं. ‘काही लागलं तर सांग’ याला उत्तर येत नाही, कारण काय लागतंय ते शोधून, शब्दांत मांडून, वर तुमच्याकडे मागायचं, हे सगळं तिलाच करावं लागतं.

मदत करायची तर वार आणि वेळ ठरवून करा. न्यू जर्सीत एप्रिलच्या मध्यापासून गवत दर आठवड्याला कापावं लागतं, त्यामुळे ‘दर शनिवारी दहा वाजता मी लॉन करून जाईन, बेल वाजवणार नाही’ असं कळवता येईल. मुलांना सरावाला नेणं-आणणंही तसंच. जेवण द्यायचं असेल तर ९ बाय १३ इंचाच्या फॉइलच्या ट्रेमध्ये द्या, म्हणजे भांडं परत करायची कटकट तिच्यामागे लागत नाही. झाकणावर मार्करनं लिहा : आत काय आहे, दाणे किंवा काजू आहेत का, ओव्हनमध्ये ३५० डिग्री फॅरनहाइटवर किती वेळ गरम करायचं. मुलांना चालेल असं, बिनतिखट. पुलाव चालेल, मिसळीचा मोह आवरा.

त्या मिटबद्दल आणि जर्सीबद्दल. धुऊ नका. तेल, कंडिशनर काही लावू नका. जर्सीला त्याच्या घामाचा वास असेल आणि घरच्यांना नेमका तोच हवा असेल. धुवायचं असेल तर ते धुतील, पण एकदा धुतल्यावर परत फिरता येत नाही. मिट प्लॅस्टिकच्या पिशवीत देऊ नका, चामड्याला आत बुरशी धरते. सुती पिशवीत घाला आणि खोबणीत एक बॉल ठेवा, म्हणजे आकार टिकतो. पुढे जर्सी फ्रेम करायची झाली तर दुकानदाराला दोनच गोष्टी सांगा : मागचा बोर्ड आम्लमुक्त हवा आणि कापड टाक्यांनी अडकवायचं, डिंकानं नाही. मिटसुद्धा फ्रेममध्ये हवा असेल तर खोली पाच-सहा इंच लागते, जर्सीच्या नेहमीच्या चौकटीत तो मावत नाही.

आता तुमच्याकडे काय आहे ते बघा, कारण ते दुसऱ्या कुणाकडे नाही. तो घरी कसा होता हे घरच्यांना ठाऊक आहे. मंगळवारी संध्याकाळी साडेसहा ते साडेनऊ तो कसा होता, दुपारी ऑफिसात एखादं काम फसल्यावर काय म्हणायचा, हे त्यांना जवळजवळ काहीच माहीत नाही. आमच्या मते सगळ्यात मोलाचं स्मारक टीमच्या स्कोअरबुकात पडलेलं आहे, आणि ते बहुधा कॅप्टनच्या गाडीच्या डिकीत, जुन्या बेसखाली दबलेलं असेल. पेन्सिलनं लिहिलेल्या वह्या घासून पुसट होतात. ३०० डीपीआयला स्कॅन करा, तेही ग्रेस्केलमध्ये. काळं-पांढरं निवडलंत तर फिकट रेघा उडून जातात. मूळ वह्या घरच्यांना द्या आणि स्कॅन टीमकडे ठेवा. एखाद्या सीझनचा स्कोअर अ‍ॅपवर ठेवला असेल तर तो कुणाच्या खात्यात आहे ते आजच विचारा. तो माणूस नोकरी बदलून गेला की पासवर्डही त्याच्याबरोबर गेला.

वह्यांवरून त्याची बॅटिंगची आकडेवारी काढा. हिट्सना (फटका मारून बेस गाठला त्या खेपा) अ‍ॅट-बॅट्सनी (बॅटिंगला आला त्या खेपांनी) भागायचं. वॉक (चार वाईट चेंडूंमुळे फुकट मिळालेला बेस) आणि सॅक्रिफाइस फ्लाय (स्वतः झेलबाद होऊन दुसऱ्याला रन काढू देणारा फटका) अ‍ॅट-बॅटमध्ये धरायचे नाहीत. समोरच्याच्या चुकीमुळे बेस मिळाला असेल तर अ‍ॅट-बॅट धरायचा, हिट नाही. ऑफिसच्या टीमचा स्कोअर ठेवणारा सगळं हिट म्हणूनच लिहितो, तेव्हा आकडा थोडा फुगलेला निघेल. दुरुस्त करत बसू नका. स्लो-पिचमध्ये (चेंडू हळू, कमानीत टाकायचा तुमचा प्रकार) .५०० चं, म्हणजे दर दोन खेपांत एक हिट असं, अ‍ॅव्हरेज काही अचाट मानलं जात नाही, पण अकरा वर्षांच्या मुलाला हे सांगायचं काही कारण नाही.

कॅचरनं प्लेटमागे (बॅटर उभा राहतो त्या पांढऱ्या पाटीमागे) काय केलं ते मात्र वहीत नसतं. ऑफिसच्या टीममध्ये प्लेटमागे बहुतेक वेळा गुडघे दुखणाऱ्याला नाहीतर थ्रो कच्चा असणाऱ्याला उभं करतात. स्लो-पिचमध्ये चेंडू ६ ते १२ फूट उंच कमान घेऊन येतो, बहुतेक लीगमध्ये बेस चोरता (फटक्याविना पळून पुढचा बेस गाठता) येत नाही, त्यामुळे ते काम हलकं समजलं जातं. पण मैदानावरचे बाकीचे नऊ जण बॅटरकडे तोंड करून उभे असताना कॅचर एकटाच बॅटरच्या खांद्याशी असतो. समोरच्या टीममधला प्रत्येक जण संध्याकाळभरात तीन-चार वेळा त्याच्या शेजारी येऊन उभा राहतो, आणि अंपायर तर पूर्ण वेळ. म्हणजे तुमचा मित्र तुमच्या टीमपुरता नव्हता, सगळी लीग त्याच्याशी गप्पा मारून गेलेली आहे. आठवणी गोळा कराल तेव्हा इतर टीमच्या कॅप्टनना आणि अंपायरनाही लिहा. ‘आठवणी पाठवा’ असं लिहिलंत तर पंधरा जण ‘फार चांगला माणूस होता’ एवढंच पाठवतील. नेमका प्रश्न विचारा : ‘तू बॅटिंगला आलास तेव्हा तो मागून तुला काय म्हणायचा?’ ‘ऑफिसात त्यानं तुझं कुठलं काम निस्तरलं?’ दहा दिवसांची मुदत द्या आणि सातव्या दिवशी एकेकाला फोन करा. चार-पाच वाक्यं आली तरी भरपूर. दारूचे किस्से, बॉसची नक्कल, कुणाची फजिती, हे १४ वर्षांच्या मुलीच्या हातात पडणार आहे या हिशेबानं निवडा. मधोमध पिना मारून पुस्तिका करायची असेल तर पानं चारच्या पटीत लागतात, म्हणजे २० किंवा २४. निदान तीन प्रती काढा, दोन मुलांना दोन आणि बायकोला एक. भावाबहिणीत एकच प्रत दिलीत तर आज काही वाटणार नाही, दहा वर्षांनी वाटेल.

आणि एक घाईचं काम. घरच्यांनी त्याचा मोबाइल नंबर अजून बंद केला नसेल तर तो एवढ्यात बंद करू नका असं सांगा. नंबर गेला की त्यावरची व्हॉइसमेल आणि त्याच्या आवाजातलं स्वागताचं रेकॉर्डिंग दोन्ही जातं. शिवाय बँकेपासून ईमेलपर्यंतचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. तुमच्या फोनमध्ये त्याची व्हॉइसमेल असेल (‘पोचायला पाच मिनिटं उशीर होतोय’ एवढीच असली तरी) तर आयफोनवर ती उघडून शेअरच्या बटणानं ऑडिओ फाइल म्हणून जतन करा आणि दोन ठिकाणी ठेवा. ती लगेच बायकोला पाठवू नका. ‘माझ्याकडे त्याचा आवाज आहे, तुला हवा असेल तेव्हा माग,’ एवढंच सांगून ठेवा. संध्याकाळी भाजी चिरताना अचानक त्याचा आवाज कानावर पडणं सगळ्यांना झेपत नाही.

पहिल्या मॅचचा कार्यक्रम. वेळेचं गणित आधी मांडा. लीगमध्ये मॅचला वेळेची मर्यादा असते, पुढच्या मॅचची टीम कुंपणापाशी ताटकळत उभी असते आणि दिवे ठरलेल्या वेळी बंद होतात. तेव्हा लीग चालवणाऱ्याला आठवडाभर आधी लिहून त्या संध्याकाळचा पहिला स्लॉट मागा आणि कार्यक्रम सात मिनिटांत आटपा. समोरच्या टीमला आणि अंपायरलाही आधी कळवा. त्यांना ऐन वेळी कळलं तर ते अवघडून उभे राहतात, आणि तेही त्याला ओळखत होते.

करायचं काय? न्यूयॉर्क यांकीजचा कॅचर थर्मन मन्सन २ ऑगस्ट १९७९ ला विमान अपघातात गेला. दुसऱ्या दिवशी मॅचआधी यांकीजचे खेळाडू आपापल्या जागी जाऊन उभे राहिले, प्लेटमागची जागा तेवढी रिकामी ठेवली. त्या दिवशीचा कॅचर डगआउटमध्येच (मैदानाकडेच्या खेळाडूंच्या बाकांवर) थांबला होता. कॅचरसाठी याहून साधं आणि नेमकं काही सुचवता येणार नाही. तुमचे नऊ जण जागेवर जातील, दहावी जागा मोकळी राहील. प्लेटमागे त्याचा मिट ठेवा, घरच्यांनी त्या दिवसापुरता दिला तर. फक्त हे अंपायरनं ‘प्ले’ म्हणायच्या आधी उरका. पिच सुटताना कॅचर आपल्या बॉक्समध्ये असलाच पाहिजे असा नियम आहे, त्यामुळे मॅच सुरू झाल्यावर ‘एक पिच त्याच्याशिवाय’ असली हौस केलीत तर बिचाऱ्या अंपायरची पंचाईत होते.

मौन पाळू नका. सार्वजनिक पार्कात शेजारच्या मैदानावर मॅच चालू असते आणि तुमच्या शांततेत दर दहा सेकंदांनी अ‍ॅल्युमिनियमच्या बॅटचा टणत्कार ऐकू येतो. टाळ्या वाजवा. डिसेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियाचा दिवंगत फलंदाज फिल ह्यूजसाठी अ‍ॅडलेडला भारताविरुद्धच्या कसोटीआधी ६३ सेकंद टाळ्या झाल्या होत्या, कारण तो ६३ वर खेळत असताना चेंडू लागून कोसळला होता. त्याच सुमारास जगभर लोकांनी आपली बॅट दाराबाहेर टेकवून ठेवली, अगदी भारतातही. खर्च शून्य, आणि लक्षात राहिलं तेच. तुमच्या मित्राचा नंबर २२, तेव्हा २२ सेकंद टाळ्या. घड्याळ एकाच्या हातात द्या. टाळ्या वाजवताना २२ सेकंद वाटतात त्याहून बरेच लांब असतात.

मुलांनी पहिला बॉल टाकावा असं कुणीतरी सुचवेलच. ते आईमार्फत, घरी, आणि दोघांना वेगवेगळं विचारा. मैदानावर सगळ्यांसमोर विचारलं तर मूल नाही म्हणू शकत नाही. पिचरच्या पट्टीपासून प्लेट ५० फूट लांब असते, अकरा वर्षांच्या मुलाला ३५ फुटांवर उभं करा आणि १२ इंचीऐवजी ११ इंची बॉल द्या, तो हातात नीट बसतो. आदल्या रविवारी अंगणात दहा-वीस बॉल टाकून घ्या. ऐन वेळी नको वाटलं तर बॉल कॅप्टन टाकेल, हे मुलांना आधीच सांगून ठेवा.

बाहीवर पॅच लावायचा असेल तर याच आठवड्यात ऑर्डर द्या, भरतकामाचे पॅच यायला दोन-तीन आठवडे जातात. अडीच ते तीन इंच, नंबर आणि आद्याक्षरं, बस्स. चेहरा भरतकामात काढायला सांगू नका, ओळखू येत नाही आणि मग कुणाला तसं सांगवतही नाही. पॅच शिवून घ्या. जर्सी पॉलिएस्टरची असते. इस्त्रीनं चिकटवायला गेलात तर कापडावर चकाकता डाग पडतो, शिवाय उष्णतेनं कापडाचा रंग सुटून पांढऱ्या पॅचमध्ये उतरतो. लाल जर्सीवर दोन आठवड्यांत गुलाबी अक्षरं दिसायला लागतात.

नंबर रिटायर करण्याला आमचा विरोध नाही, पण त्यात फारसा अर्थही दिसत नाही. व्यावसायिक संघात त्या नंबराची आठवण ठेवायला स्टेडियमची भिंत असते. ऑफिसच्या टीममध्ये चार वर्षांत निम्मी माणसं बदलतात, स्पॉन्सर बदलला की जर्सीही बदलते. मग नवा कॅप्टन नकळत २२ कुणाला तरी देतो आणि तुमच्यासारख्याला ते लागतं. त्यापेक्षा यंदाचा सीझन नंबर राखून ठेवा आणि पुढचा निर्णय मुलांवर सोपवा. बहुतेक प्रौढ लीगमध्ये वयाची अट १८ असते. चार वर्षांनी मुलीला त्या नंबरावर खेळावंसं वाटलं तर तो तिचा. नाही वाटलं तर तुम्हाला कळेलच.

मध्येच एक अस्थींचं. इथे दहनानंतर कुटुंबाला साधारण दोन-तीन किलो बारीक पूड मिळते. त्यातली मूठभर मैदानावर टाकावी असं कदाचित तिच्या मनात येईल. मैदान गावाच्या मालकीचं असेल तर पार्क खात्याची परवानगी लागते. राख क्षारयुक्त असते, गवतावर एका जागी ओतली तर तिथला पट्टा करपतो आणि खूण महिनोन्‌महिने दिसत राहते. परवानगी मिळाली तर चमचाभर घ्या आणि मातीच्या इनफील्डमध्ये (बेसांच्या आतल्या भागात) रेकनं मिसळून टाका. आणि हा विषय तुम्ही काढू नका, तिनंच काढला तर.

भाषण. तीन मिनिटं. इंग्रजीत त्याचे साडेतीनशे ते चारशे शब्द होतात. कागदावर छापा, १६ पॉइंटमध्ये, दुप्पट ओळ सोडून. फोनवरून वाचू नका, उन्हात स्क्रीन दिसत नाही आणि नको त्या वाक्याला तो लॉक होतो. दुसरी प्रत शॉर्टस्टॉपकडे (सेकंड बेसच्या पलीकडच्या तुमच्या शेजाऱ्याकडे) द्या आणि सांगून ठेवा, ‘मी थांबलो आणि तुझ्याकडे पाहिलं तर पुढचं तू वाच.’ एवढी सोय केली की बहुधा तिची गरज लागत नाही. उघड्या मैदानात आवाज पसरतो, तेव्हा लोकांना अर्धवर्तुळात जवळ बोलवा, वारा तुमच्या पाठीशी राहील असं उभं राहा, नाहीतर छोटा ब्लूटूथ स्पीकर आणि माइक आणा. विशेषणं टाळा. ‘दिलदार’ म्हणण्याऐवजी त्यानं तुम्हाला पहिल्या दिवशी ग्लोव्ह कुठल्या हातात घालायचा ते कसं सांगितलं, ते सांगा. क्रिकेट खेळून आलेल्या माणसाला फेकायच्या हाताऐवजी दुसऱ्या हातानं झेल घ्यायला शिकवताना त्याची किती दमछाक झाली असेल ते सगळ्यांना दिसेल, हसूही येईल. असे तीन प्रसंग : एक मैदानावरचा, एक ऑफिसातला, एक गाडीतला. तो कसा गेला ते बोलू नका, मुलं समोर बसलेली असतील. ‘देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात’ हेही नको. घरी दोनदा मोठ्यानं वाचा. जिथे दोन्ही वेळा गळा दाटतो ते वाक्य काढू नका, त्याच्या आधी एक श्वास लिहून ठेवा, अक्षरशः कागदावर ‘श्वास’ असं.

ऑफिसकडे वळू. टेबल आवरताना दोघांनी मिळून आवरावं, यादी करावी आणि खोका कुरिअरनं न पाठवता हातानं नेऊन द्यावा. कप, फोटो, खुर्चीवरचं स्वेटर, भिंतीवरची चिठ्ठी, सगळं द्या. निरुपयोगी काय ते घरचे ठरवतील. लॅपटॉप आयटीनं पुसून टाकण्याआधी एचआरला विचारा, त्यावर मुलांचे फोटो असू शकतात आणि एकदा पुसल्यावर कुणी काही करू शकत नाही. तुम्ही स्वतः मात्र त्याच्या खात्यातून काही काढून घेऊ नका, चांगल्या हेतूनंसुद्धा. त्यानं बोलावलेल्या साप्ताहिक मीटिंगा अजून कॅलेंडरवर वाजत असतील, वाढदिवसाची आपोआप जाणारी शुभेच्छाही रांगेत असेल. दोन्ही बंद करायला सांगा, हे कुणाच्या लक्षात येत नाही आणि सप्टेंबरात कधीतरी सगळ्यांच्या पोटात खड्डा पडतो. टेबलाचं देऊळ करू नका. शक्य असेल तर बसायची व्यवस्था अदलाबदल करा, म्हणजे टीममधलाच कुणीतरी तिथे बसेल आणि नवा माणूस दुसरीकडे. ते जमत नसेल तर नव्या माणसाला पहिल्या दिवशी तुम्हीच कॉफीला नेऊन सांगा की इथे कोण बसायचं. त्याला ते तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्या कुणाकडून कळणं वाईट.

ऑफिसातून तुम्ही करू शकाल असं सर्वांत उपयोगी काम रटाळ आहे : बेनिफिट्स बघणाऱ्या माणसाचं नाव आणि थेट फोन नंबर तिला मिळवून द्या. ग्रुप लाइफ इन्शुरन्स, थकीत पगार, शिल्लक रजेचे पैसे कंपनी देत असेल तर ते, ४०१के (कंपनीमार्फतचं निवृत्तीबचत खातं) चा वारस, हे सगळं त्या एका खिडकीवर आहे. आरोग्यविमा कंपनीच्या पॉलिसीवर असेल आणि कंपनीत २० किंवा जास्त माणसं असतील तर कोब्रा या विमा चालू ठेवण्याच्या केंद्रीय कायद्याखाली पत्नी-मुलांना ३६ महिन्यांपर्यंत तो चालू ठेवता येतो, पूर्ण हप्ता स्वतः भरून. निवड कळवायला मुदत ६० दिवसांची, नोटीस मिळाल्यापासून किंवा कव्हर संपल्यापासून, जे नंतर असेल ते. फेब्रुवारीपासून मोजा. म्हणजे हे काम टूर्नामेंटच्या आधीचं आहे.

टूर्नामेंट. आठ टीम, दोन पराभवांनंतर बाद अशी पद्धत धरली तर १४ मॅच होतात, कधी १५. दोन मैदानं आणि मॅचमागे मोकळ्या वेळेसकट ७० मिनिटं धरली तर सकाळी आठला सुरू करून संध्याकाळचे साडेपाच वाजतात. मैदानाचा परवाना, गावाला दाखवायचं विम्याचं प्रमाणपत्र (साधारण दहा लाख डॉलरचं मागतात), अंपायर, पाणी, पावसासाठी राखीव तारीख. न्यू जर्सीत रॅफल (बक्षिसांची सोडत) काढायचं तर परवाना लागतो आणि तो नोंदणी झालेल्या संस्थेलाच मिळतो. पहिल्या वर्षी वीस हात पुढे येतात, तिसऱ्या वर्षी सगळं एकावर येऊन पडतं, आणि चौथ्या वर्षी ती बंद पडली की घरच्यांना वाटतं माणूस दुसऱ्यांदा गेला. आमचा सल्ला : त्यापेक्षा वर्षातून एक संध्याकाळ, ज्या टीमशी त्याच्या सर्वांत जास्त गप्पा व्हायच्या तिच्याशी लागोपाठ दोन मॅच, नंतर पिझ्झा. एकाच्या खांद्यावर पेलेल इतकंच.

स्कॉलरशिपचं गणितही करून बघा. दर वर्षी हजार डॉलर कायमचे द्यायचे आणि मुद्दलाला हात लावायचा नाही, तर चार टक्क्यांच्या हिशेबानं २५ हजार लागतात. तेवढे जमणार नसतील तर ‘पाच वर्षं, पाचशे डॉलर’ असं आधीच जाहीर करा, म्हणजे संपणं ठरलेलं असेल. मुलांच्या शिक्षणासाठीच द्यायचं असेल तर आईनं उघडलेल्या ५२९ खात्यात (शिक्षणासाठीच्या बचत खात्यात) कुणालाही पैसे भरता येतात. ते तुमच्या खासगी खात्यात गोळा करू नका, चार डॉलरचा फरक निघाला तरी मैत्री नासते.

आणि पैसे जमलेच तर एईडी घ्या, हृदय थांबल्यावर झटका देणारं यंत्र. हजार-दोन हजार डॉलरच्या आसपास मिळतं. तुमचा मित्र झोपेत गेला, मैदानावर एईडी असतं तरी काही फरक पडला नसता, हे मान्य. पण तुमची टीम त्याच्याच वयाची आहे, आणि हृदय थांबल्यावर झटक्याविना गेलेल्या दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. पॅड साधारण दोन वर्षांत आणि बॅटरी चार-पाच वर्षांत बदलावी लागते, तारीख यंत्रावर असते. ते काम आताच कुणाच्या तरी नावावर लिहून ठेवा. उन्हाळ्यात डिकीत ठेवू नका, ५० डिग्री सेल्सियसपलीकडे ते बिघडतं. कॅप्टनच्या घरी आणि मॅचला बॅगेत. टीमनं एक संध्याकाळ सीपीआरचा (छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवण्याचा) वर्गही करून घ्यावा.

राहिलं घरच्यांचं म्हणणं. वर्षाचे २४० दिवस, दिवसाला आठ तास, अकरा वर्षं. २१ हजार तास होतात. इतकं जागेपणी घरच्या कुणाच्या शेजारी बसणं झालंय का, विचारा त्यांना. गोची अशी की मित्रासाठी सुतक नाही आणि रजाही नाही. अमेरिकेत शोकरजेचा केंद्रीय कायदा नाही, कंपन्याही ती बहुधा जवळच्या नातलगांपुरतीच देतात. तेव्हा पहिल्या मॅचनंतरच्या बुधवारची सुट्टी आपल्या रजेतून आत्ताच टाका. कंपनीत समुपदेशनाची सोय असेल तर काही सत्रं मोफत असतात, आणि तिथे बोललेलं बॉसकडे जात नाही. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल आणि हे आठवडेच्या आठवडे चाललं असेल तर ती वापरा. जगणंच नको वाटायला लागलं तर ९८८ या आत्महत्या-प्रतिबंध हेल्पलाइनला फोन करा, रात्री-अपरात्रीही.

आपल्याकडे तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं. इथे आठवड्यात सगळं उरकतं आणि मग महिनोन्‌महिने कुणी फिरकत नाही. म्हणून फोनच्या कॅलेंडरमध्ये आजच चार तारखा टाका : जूनचा तिसरा रविवार, म्हणजे फादर्स डे, त्याचा वाढदिवस, थँक्सगिव्हिंगचा आदला दिवस आणि पुढचा फेब्रुवारी. त्या दिवशी दोन ओळींचा मेसेज, त्यात त्याचं नाव घेऊन. नाव टाळू नका, सगळे टाळतात.

आणि त्या पहिल्या मंगळवारी मैदानावर एकटे गाडी चालवत जाऊ नका. शेजारची सीट रिकामी राहील आणि भाषणाचा कागद त्याच सीटवर पडलेला असेल. त्याच रस्त्यानं येणारं टीममध्ये कोण आहे ते आज विचारून ठेवा.